‘पुन्हा विचार व्हावा, ही विनंती’

इंग्रजीतले काही शब्द आपल्याकडे शाळेतून आले, काही सिनेमातून आले आणि काही टपालातून आले. आज ज्या क्रियापदाविषयी बोलायचं आहे, ते टपालातून आलेलं आहे. ‘रिकन्सिडर’ हा तो शब्द. पेणला काय किंवा रोह्याला काय, ज्या घरात कोणी नोकरीसाठी अर्ज केला असेल, विम्याचा दावा लावला असेल किंवा बँकेकडे कर्ज मागितलं असेल, त्या घरात हा शब्द कधी ना कधी पाकिटातून येऊन पडलेला असतो. आपण त्याला मराठीत ‘फेरविचार’ किंवा ‘पुनर्विचार’ म्हणतो आणि अर्थ कळला असं समजून पत्राची घडी घालून ठेवतो.

तो अर्थ नीट न कळण्याची किंमत मोजावी लागते. माझ्या शेजारच्या एका मुलाला काही वर्षांपूर्वी कारखान्यातून कमी केलं. त्यानं अर्ज केला. उत्तर इंग्रजीत आलं, की आपलं प्रकरण यथावकाश ‘रिकन्सिडर’ केलं जाईल. पत्र घेऊन तो माझ्याकडे आला. बी. ए. झालेला आणि कविता करणारा माणूस म्हणजे गल्लीतला फुकटचा अर्जनवीसच. म्हणाला, “चाचा, म्हणजे परत घेणार ना?” मी म्हटलं, “बाळा, घेणार असं यात कुठे आहे? पुन्हा बघू, एवढंच लिहिलंय.” त्याला पटलं नाही. “घ्यायचं नसतं तर सरळ नाही म्हटलं असतं की त्यांनी!” त्यानंतर चार महिने तो त्या पत्रावर बसून राहिला. नागोठण्याला मिळत असलेलं दुसरं काम त्यानं सोडून दिलं. बोलावणं काही आलं नाही.

मुलगा बावळट नव्हता. मराठी कानाला ‘फेरविचार’ हा शब्द तसाच ऐकू येतो. वर्तमानपत्रात ‘शासन फेरविचार करणार’ असा मथळा आला, की आपण निर्णय बदलला असंच समजतो. उलट, एखाद्या माणसानं ‘मला फेरविचार करायचाय’ म्हटलं, की तो शब्द फिरवणार, अशी आपली खात्री होते. म्हणजे सरकारच्या तोंडी हा शब्द आला की आपल्याला आशा वाटते आणि माणसाच्या तोंडी आला की संशय येतो. शब्दात मात्र यातलं काहीच नाही. त्यात काय आहे, ते आता पाहू.

‘कन्सिडर’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे लक्ष देऊन, सर्व बाजूंनी पाहून विचार करणे. हा शब्द लॅटिनमधून आला. त्यात ‘सायडस’ म्हणजे तारा किंवा तारकांचा समूह दडलेला असावा, असं बरेच कोशकार मानतात. ताऱ्यांकडे टक लावून पाहणारा खलाशी किंवा ज्योतिषी डोळ्यांसमोर आणा. त्याच्या आधी ‘री’ जोडला की झालं ‘रिकन्सिडर’, म्हणजे पुन्हा तसंच लक्ष देऊन पाहणे. पुन्हा पाहिल्यावर तारा तिथेच दिसेल किंवा सरकलेला दिसेल. पाहणाऱ्यानं आधीपासून काही कबूल केलेलं नसतं.

या क्रियापदाच्या पोटात एक अट आहे. निर्णय आधी झालेला असला पाहिजे. निर्णय व्हायच्या आधी सावध करायचं असेल तर इंग्रज माणूस ‘थिंक ट्वाइस’ म्हणतो, आपण ‘दोनदा विचार कर’ म्हणतो. निर्णय झाल्यानंतर तो पुन्हा तपासायला घेतला तर ‘रिकन्सिडर’. आणि तपासून किंवा न तपासता निर्णय बदललाच, तर ‘चेंज’. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या या माणसानं परीक्षेची वाट बदलली, आणि ती कायमची बदलली. तो झाला बदल. विचार करणं आणि बदलणं या दोन क्रिया आहेत. पहिलीमागून दुसरी येईलच असं नाही.

वापराच्या दोन-तीन गोष्टी विद्यार्थ्यांसाठी सांगून टाकतो. इंग्रजीत हे क्रियापद थेट कर्म घेतं. ‘रिकन्सिडर द डिसिजन’ म्हणायचं, मध्ये ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ घालायचं नाही. ‘रिकन्सिडर अगेन’ असंही सहसा लिहू नये, कारण ‘पुन्हा’ त्यात आधीच आहे. मराठीतही ‘पुन्हा फेरविचार करावा’ असे अर्ज मी पाहिले आहेत. एकदाही विचार झालेला नसताना तिसऱ्यांदा मागण्यातला हा प्रकार. आणि ‘पुनर्विचार’ लिहिताना रफार ‘वि’वर द्यायचा, ‘न’वर नाही. ‘पुनः’ अधिक ‘विचार’ असा तो संधी आहे. ‘पुनर्वसन’चंही तेच. आपल्या जिल्ह्यात धरणं झाली, कारखाने झाले, त्यामुळे हा शब्द पाट्यांवर भरपूर दिसतो आणि बऱ्याचदा रफार चुकीच्या अक्षरावर बसलेला असतो. रफाराचं ठिकाण चुकलं तर एक वेळ चालेल, माणसांचं चुकू नये, एवढंच.

आता या क्रियापदाचं भाऊबंद पाहू, कारण शेतकऱ्याला आणि नोकरदाराला त्यातला फरक ठाऊक असलेला बरा. फेरफार नोंदीवरून किंवा हद्दीवरून महसूल अधिकाऱ्याचा आदेश विरोधात गेला, की आपण सरसकट ‘अपील करू’ म्हणतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे. तिच्यात अपील वेगळं, पुनरीक्षण वेगळं आणि पुनर्विलोकन वेगळं. अपील वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. पुनरीक्षणात वरचा अधिकारी खालच्याचे कागद मागवून तपासतो. पुनर्विलोकनात ज्या पदावरून आदेश निघाला त्याच पदावरच्या अधिकाऱ्यासमोर तो आदेश पुन्हा ठेवला जातो. ‘रिकन्सिडर’च्या सर्वांत जवळचं आहे ते हेच. दिवाणी न्यायालयातही पुनर्विलोकन मागता येतं, पण त्याला कारणं लागतात. आधी प्रयत्न करूनही मिळाला नव्हता असा नवा महत्त्वाचा पुरावा मिळाला, किंवा कागदावर सरळ दिसणारी चूक आढळली, किंवा तशाच तोलाचं काही दुसरं कारण असलं, तर. ‘मला निकाल आवडला नाही’ हे कारण तिथे चालत नाही. न्यायालयं लोकांना काही कमी त्रास देत नाहीत, पण ही अट मला शहाणपणाची वाटते. दुसऱ्यांदा पाहायचं तर पाहायला काहीतरी नवीन हवं.

हा शब्द आपल्या राज्यघटनेतही आहे. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागायचं, हे सर्वांना ठाऊक असतं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं त्यात एक भर घातली. राष्ट्रपती मंत्रिमंडळाला सल्ल्याचा पुनर्विचार करायला सांगू शकतात, मात्र पुनर्विचारानंतर जो सल्ला येईल त्यानुसार त्यांनी वागलंच पाहिजे. विधेयकाबाबतही राष्ट्रपती संसदेला असाच निरोप पाठवू शकतात.

पुढे काय झालं, ते दोन प्रसंगांत पाहा. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी पुनर्विचारासाठी परत पाठवली. गुजराल मंत्रिमंडळानं पुन्हा विचार केला आणि शिफारशीचा आग्रह सोडला. मे २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचं विधेयक ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी परत पाठवलं. संसदेनं पुन्हा विचार केला आणि तेच विधेयक, काना-मात्रा न बदलता, पुन्हा मंजूर केलं. कलामांनी त्यावर सही केली. पहिल्या वेळी निर्णय बदलला, दुसऱ्या वेळी तसाच राहिला. व्याकरणाच्या दृष्टीनं दोन्ही वेळा क्रियापद पुरं झालं. माझ्या शेजाऱ्याला मी हेच समजावत होतो, फक्त तेव्हा मला राष्ट्रपतींचं उदाहरण सुचलं नव्हतं.

राजीनाम्याशी तर या क्रियापदाचं जुनं नातं आहे. कोणी राजीनामा दिला, की पहिलं वाक्य येतं, ‘पुनर्विचार करा.’ रोहेकर ज्यांना आपलं माणूस मानतात ते चिंतामणराव देशमुख आठवा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि १९५२ साली आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले खासदार. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून केंद्राच्या ताब्यात देण्याचं ठरलं, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. ते आपल्या निर्णयावर ठाम राहिले. विचार पुन्हा करावा लागला तो दुसऱ्या बाजूला. मुंबई केंद्राकडे देण्याचा बेत त्याच वर्षी मागे पडला, द्विभाषिक राज्य आलं आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. चार वर्षांत एकाच प्रश्नाचा दोनदा फेरविचार झाला. त्यामागे केवढं आंदोलन उभं होतं आणि किती माणसं हुतात्मा झाली, हे आपण जाणतो. म्हणजे हा शब्द विनंतीच्या कागदावर जितका मऊ दिसतो, तितका तो प्रत्यक्षात मऊ नसतो.

इथे मराठी अर्जाच्या भाषेविषयी बोललं पाहिजे. आपण लिहितो, ‘तरी पुन्हा विचार व्हावा, ही विनंती.’ व्हावा. कोणी करावा? ते वाक्यात नाही. इंग्रजी क्रियापदाला साध्या वाक्यात कर्ता लागतो. अमुक अधिकाऱ्यानं किंवा अमुक समितीनं ‘रिकन्सिडर’ करायचं असतं. तोही ‘विल बी रिकन्सिडर्ड’ अशी रचना करून लपवता येतो, आणि पत्रं लिहिणाऱ्यांना ती युक्ती चांगली ठाऊक असते. आपण विनंती करताना कर्ता गाळतो, ते उत्तर देताना गाळतात. मग दोन कागदांच्या मध्ये विचार करणारा माणूसच उरत नाही.

पेण तालुक्यानं हा कर्ता एकदा शोधून दाखवला आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे ‘सेझ’साठी, पेण, उरण आणि पनवेल भागातल्या गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं होतं. भूसंपादनाचा कायदा १८९४ सालचा, इंग्रजांचा. त्याच्यात जमीनमालकाची हरकत ऐकून घेण्याची तरतूद होती, आणि तीही १९२३ मध्ये नंतर घातलेली. नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांत हरकत द्यायची, अधिकाऱ्यानं ऐकायची आणि अहवाल वर पाठवायचा. हरकतीचे अर्ज लिहिणाऱ्यांनी ‘पुन्हा विचार व्हावा’ असंच लिहिलं असणार. पण प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते आणि गावोगावचे शेतकरी अर्जावर थांबले नाहीत. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या भातशेतीचा त्यांचा मुद्दा होता. पाणी येणार म्हणून धरण बांधलं, आणि पाणी पोहोचायच्या वेळी जमीनच घेणार का, हा प्रश्न होता. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांमध्ये शासनानं शेतकऱ्यांचं मतदान घेतलं. जमीन द्यायची की नाही, हे ज्याची जमीन त्याला विचारलं गेलं. पुढे तो प्रकल्प त्या शेतांवर उभा राहिला नाही.

मला त्या मतदानात भाषेची एक मोठी गोष्ट दिसते. ‘विचार व्हावा’ या वाक्यात जो हरवला होता, तो कर्ता त्या दिवशी रांगेत उभा होता. पुढे कायदाही बदलला. २०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती हवी आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्क्यांची, असं त्यात आलं. एकशेवीस वर्षांच्या जुन्या कायद्याचा हा फेरविचार होता, आणि तो घडवून आणणाऱ्यांत देशभरातल्या अशा अनेक गावांचा वाटा होता.

फेरविचारात निर्णय पूर्ण राहतो किंवा पूर्ण जातो, असंही नाही. पुन्हा पेणचंच उदाहरण देतो. पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे ही गावं गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी आणली. कारखानदारांचं म्हणणं असं, की हजारो हातांचं काम जाईल. पर्यावरणवाद्यांचं म्हणणं असं, की नदी-समुद्राचं काय? दोन्ही म्हणणी खोटी नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञांचे अहवाल आले. ९ जून २०२५ रोजी न्यायालयानं मूर्ती बनवायला आणि विकायला वाट मोकळी केली, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात त्यांचं विसर्जन करायचं नाही, असं बजावलं. बनवणं आणि बुडवणं या दोन गोष्टी आधी एकाच गाठीत बांधलेल्या होत्या. दुसऱ्यांदा पाहताना त्या सोडवून वेगळ्या केल्या. कोणाला हा निर्णय पटेल, कोणाला नाही. पण तपासणं म्हणजे काय, हे त्यात दिसतं.

मूर्तिकारांच्या हाताखालच्या मातीतही हाच धडा आहे. शाडूची माती न भाजलेली असते. ती वाळली तरी भिजवून पुन्हा मळता येते. प्लास्टर एकदा घट्ट झालं की पाणी घालून पूर्वीसारखं होत नाही. काही माणसांचे निर्णय शाडूचे असतात, काहींचे प्लास्टरचे. चकाकी म्हणाल तर प्लास्टरलाच जास्त.

घरात मी उर्दूही ऐकत वाढलो. उर्दूत या क्रियेला ‘नजर-ए-सानी’ म्हणतात. ‘सानी’ म्हणजे दुसरी. दुसरी नजर. न्यायालयातल्या पुनर्विलोकनाच्या अर्जालाही उर्दूत हाच शब्द आहे आणि शायर आपली गझल पुन्हा वाचून मिसरे तपासतो त्यालाही हाच. एकच शब्द न्यायाधीशाला आणि कवीला पुरतो, हे मला फार आवडतं. कविता करताना पहिल्या नजरेला आपली ओळ नेहमीच सुंदर वाटते. आठ दिवस वहीत ठेवून दुसरी नजर टाकली, की कुठे यमकासाठी अर्थाचा बळी दिलाय ते दिसतं. कधी ओळ जाते, कधी नुसता शब्द जातो. कधी काहीच जात नाही आणि ओळ पहिल्यापेक्षा पक्की होते. त्या तिसऱ्या वेळीही नजर वाया गेलेली नसते.

मराठीत ‘फेर’ आहे, ‘पुनर्’ आहे, पण मन बदलणाऱ्या माणसासाठी मात्र आपल्याकडे हेटाळणीच जास्त. शब्द फिरवला, घूमजाव केलं, कच खाल्ली, माघार घेतली. हुंड्यावर अडलेलं लग्न मोडणाऱ्या बापाला हेच ऐकावं लागतं. रागात भावाशी बोलणं सोडलेला माणूस दहा वर्षांनी त्याच्या दारात उभा राहिला, तरी ‘आला ना शेवटी!’ असंच लोक म्हणतात. विचार करून बदलणं आणि फायदा पाहून फिरणं या दोन्हींना एकच शब्द लावला, की पहिल्या प्रकारची माणसं गप्प बसू लागतात. ती चुकीच्या निर्णयाला चिकटून राहतात, आणि त्याला आपण बाणेदारपणा म्हणतो.

म्हणून, मित्रहो, दोन सूचना करतो. पहिली कागदाची. यापुढे फेरविचाराचा अर्ज लिहाल तेव्हा चार गोष्टी लिहा. कोणता निर्णय, त्याची तारीख आणि क्रमांक काय. तो कोणी घेतला आणि आता कोणी तपासावा. त्या वेळी समोर नव्हतं असं आज काय समोर आहे. आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे. उत्तरात ‘रिकन्सिडर’ आलं, तर कोण करणार आणि किती दिवसांत, एवढं लेखी विचारा. तोवर हातात आलेलं दुसरं काम सोडू नका.

दुसरी सूचना घरातली. तुमचा मुलगा, बायको, भाऊ, कोणीही ‘मी पुन्हा विचार केला’ असं म्हणत आला, तर आधी ‘मग काय ठरवलंस?’ असं विचारू नका. ‘काय नवीन दिसलं?’ असं विचारा.